निघण्याआधीची आवराआवर

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढणे पुष्कळांना अभद्र वाटेल. परंतु आपल्या दिवाळीची सुरुवातच मुळी मरणाच्या देवाला दिवा दाखवून होते, हे आपण विसरून जातो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे वात करून जो दिवा ठेवावयाचा, तो यमासाठी. आणि ज्या भाऊबिजेने सण संपतो, तिचे पोथीतले नाव यमद्वितीया. म्हणजे करंज्या, अनारसे, फटाके आणि नवे कपडे यांच्या दोन्ही टोकांना यमराज मुकाट्याने बसलेला असतो. ख्रिस्ती मंडळींचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, २ नोव्हेंबर, हाही बहुधा दिवाळीच्याच मागेपुढे येतो. त्या सुमारास वसईकडची कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जातात, आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतात, फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. दिवा आणि मरण यांची सांगड अशी दोन्ही अंगणांत आहे. तेव्हा वाचकहो, घरादाराची झाडलोट झाली आहे, फराळाचे डबे भरले आहेत, अशा निवांत वेळी या विषयाकडे थोडे पाहिले तर सणाला विटाळ होणार नाही.

मरणाची तयारी कशी करावी, याविषयी मराठी ख्रिस्ती लेखकांनी आपल्याला काय दिले, एवढाच येथे विचार करावयाचा आहे. हा धर्माचा वाद नव्हे. पुस्तकांचा विचार आहे. आणि माझे म्हणणे थोडक्यात असे की, ही मंडळी जेथे मरणाविषयी उपदेश करतात तेथे त्यांचे लेखन फिके पडते. आणि जेथे ती फक्त घर आवरताना दिसतात, देणीघेणी फेडताना, रुसलेल्या माणसाला पुन्हा जवळ करताना, अर्धे काम दुसऱ्याच्या हाती देताना दिसतात, तेथे त्यांनी मराठीला असे काही दिले आहे की जे आपल्या थोर संतवाङ्मयाच्या शेजारी ठेवावे.

प्रथम ही कल्पना आली कोठून ते पाहू. युरोपात पंधराव्या शतकात, महामारीने गावेच्या गावे ओस पडल्यानंतर, ‘मरणाची कला’ शिकविणाऱ्या लॅटिन पुस्तिका फार खपत. मरणाऱ्या माणसाजवळ प्रत्येक वेळी पाद्री पोचेलच असा भरवसा उरला नव्हता. म्हणून माणसाने स्वतःच काय करावे, शेजाऱ्याने काय विचारावे, हे त्यांत चित्रांसह सांगितलेले असे. मरणाऱ्याला पाच मोह घेरतात, असे त्यांत म्हटले आहे: श्रद्धा सुटणे, निराशा, अधीरपणा, आपल्या पुण्याईचा गर्व आणि घरादाराचा लोभ. यांतला चौथा मला फार मार्मिक वाटतो. आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाला शेवटी त्या सरळपणाचाच अहंकार होतो, हे ज्याने लिहिले त्याने माणसे जवळून पाहिली असली पाहिजेत. पुढे १६५१ साली इंग्लंडात जेरेमी टेलर या धर्मोपदेशकाने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा पवित्र जगण्यावरचा ग्रंथ निघाला होता. आधी जगण्याचे पुस्तक, मग मरणाचे, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आणि योगायोग असा की, तुकोबांच्या वैकुंठगमनाचे सालही १६५० हेच मानतात.

या सगळ्याचे मूळ अर्थातच शुभवर्तमानात आहे. येशूने सांगितलेला दहा कुमारिकांचा दृष्टांत पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. वराच्या स्वागताला दहाजणी दिवे घेऊन निघाल्या; पाचजणींनी जादा तेल घेतले, पाचजणींनी घेतले नाही. वर उशिरा, मध्यरात्री आला, तेव्हा दुसऱ्यांचे दिवे विझू लागले होते. गंमत अशी की, त्यांनी शेजारणींकडे तेल मागितले आणि शेजारणींनी ते दिले नाही. शाळेत ही गोष्ट सांगितली तर मुले हमखास म्हणतील, की शहाण्या मुली कंजूष होत्या. परंतु दृष्टांताची खोच तेथेच आहे. मीठ, साखर, विरजण शेजारून आणता येते; तयारी उसनी आणता येत नाही. दुसरा दृष्टांत तर आमच्या वऱ्हाडातल्या कोणाही शेतकऱ्याला चटकन समजेल असा. एका धनवानाच्या शेतात अमाप पिकले. जुनी कोठारे पाडून मोठी बांधीन, मग बसून खाईन, असे त्याने ठरविले. आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. मोठे कोठार बांधणे हे पाप नव्हे. पण त्या बिचाऱ्याच्या साऱ्या बेतात दुसरे माणूसच नव्हते, हे लक्षात घ्यावे.

कॅथलिक पंथात मरणोन्मुख माणसाला जो शेवटचा प्रसाद देतात, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘वाटेची शिदोरी’ असा आहे. हा शब्द किती आपला आहे! गावाला निघालेल्या माणसाच्या हाती फडक्यात बांधून दिलेली भाकरी आणि वर कांदा! आणि जपमाळेवर रोज म्हटली जाणारी मरियेची जी प्रार्थना आहे, तिच्यात माणूस दोनच वेळांसाठी मागणे मागतो: एक आताची वेळ आणि दुसरी मरणाची. मधली सगळी वर्षे त्या दोहोंत सामावलेली आहेत, असे समजावयाचे. जपमाळ ओढणारी म्हातारी दिवसातून पन्नास वेळा मरणाचे नाव घेते, आणि पुन्हा उठून सुनेला भाजी निवडून देते. मरणाची तयारी म्हणतात ती अशी, भाजी निवडण्याच्या आड न येणारी.

येथे वाचक विचारील, की यात निराळे ते काय? आपल्याकडे हे सगळे आहेच. अंतकाळी जे स्मरण तीच गती, हे गीतेचा आठवा अध्याय सांगतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. आमच्या वाशीम जिल्ह्यातले शिरपूर हे जैनांचे मोठे क्षेत्र आहे, आणि त्या धर्मात सल्लेखनेचे व्रत आहे. आमच्या मानोरा तालुक्यातच पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि तेथे लाखो बंजारा भाविक डोके टेकायला येतात. आणि पवनारला विनोबांनी, हृदयविकाराचा झटका आल्यावर, अन्न, पाणी व औषध घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्याच दिवशी, देह ठेवला. त्याच विनोबांनी ख्रिस्ती शिकवणुकीचे सार काढून ठेवले आहे, हेही विसरता कामा नये.

फरक आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे, नाही तर पुढची पुस्तके कळणार नाहीत. पहिला फरक असा की, ख्रिस्ती विचारात जन्म एकच. पुढल्या खेपेला पाहू म्हणण्याची सोय नाही. दुसरा असा की, तेथे मरणाची तारीख आपण जवळ ओढावयाची नाही. बोलावणे येईपर्यंत कामावर राहावयाचे. तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचा उपदेश बहुधा पाश तोडावयास सांगतो. ख्रिस्ती उपदेश तुटलेले धागे आधी जोडावयास सांगतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आला असलास आणि भावाचे तुझ्याशी वाकडे आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जा, अशी येशूची आज्ञा आहे. खुद्द वधस्तंभावरची त्याची कृती पाहा. मारणाऱ्यांना क्षमा, शेजारच्या चोराला धीर, आणि आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवून देणे. प्राण जाताना आईची व्यवस्था लावणारा हा मुलगा कोणाला परका वाटेल? आणि हेही खरे, की तो आदल्या रात्री मरणाला भ्यालेला आहे, आणि लाजरच्या कबरीपाशी रडलेला आहे. म्हणजे न भिणे आणि न रडणे ही त्या तयारीची अट नाही. आपल्याकडेही हे अगदीच नाही असे नव्हे. ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी नामदेवादी संतांचे जे हाल झाले, ते नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत वाचावेत. पण आपण ते अभंग बाजूला ठेवतो आणि कोरडे वैराग्य तेवढे पाठ करतो.

आता मराठी पुस्तकांकडे वळू. ख्रिस्ती मरणाची कथा मराठी ओवीत विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला, चाळीस वर्षे येथेच राहिला आणि १६१९ साली येथेच वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपले सर्वांत जवळचे दुःख सांगावयास ज्ञानेश्वरांच्या ओवीचा आश्रय घ्यावा, यातच एक प्रकारची तयारी आहे. जेथे मरावयाचे त्या मातीची भाषा आधी शिकून घ्यावी, असेच जणू त्याने ठरविले होते.

त्यानंतर एकोणिसाव्या शतकात मिशनांचे छापखाने सुरू झाले. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ निघाला. त्या काळी पत्रकांतून आणि लहान लहान पुस्तकांतून भाविकांच्या मृत्यूंची वर्णने छापण्याची पद्धत जगभरच्या मिशनांत होती. ही वर्णने वाचताना मला नेहमी एक अडचण वाटते. त्यांतले मरण फार नीटनेटके असते. माणूस हसतमुखाने बोलतो, जवळच्यांना उपदेश करतो, आकाशाकडे पाहतो आणि जातो. त्याला तहान लागत नाही, पाठ भाजत नाही, अंथरूण ओले होत नाही. मागे राहिलेल्या बायकोला वाण्याचे देणे किती, हे कोणी विचारीत नाही. अशी वर्णने मरणाऱ्यासाठी लिहिलेली नसतात, वाचणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. हा दोष एकट्या ख्रिस्ती लेखकांचा नव्हे. आपल्या संतचरित्रांत तो आहे, आणि वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांत तर तो रोज आहे.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे, आणि हिंदू विधवांच्या हालांविषयी इतक्या कळकळीने तोवर कोणी गोष्ट लिहिली नव्हती. यमुनेचा नवरा विनायक तीत अकाली मरतो, आणि पुढे यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. कादंबरीकाराच्या नजरेने पाहिले तर विनायकाचे मरण हे मरण राहात नाही; ते लेखकाच्या विवेचनातले एक आवश्यक पाऊल होते. नायिका विधवा व्हावयास हवी, म्हणून नवऱ्याने जावयाचे. मी स्वतः गोष्टी लिहितो, आणि हा मोह किती जबर असतो ते जाणतो. पात्राला मारणे सोपे. त्याचे मरण त्याचे त्यालाच ठेवणे कठीण. पदमनजींना दोष देण्याचे कारण नाही. वाट पाडणाऱ्याने काटे तोडावयाचे असतात, फुले लावावयाची नसतात. परंतु तयारीचे खरे दर्शन आपल्याला यानंतर, आणि उपदेशाबाहेर, शोधावे लागते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ते आहे. त्यांच्या आयुष्यात मृत्यू जितका येऊन गेला तितका थोड्यांच्या आयुष्यात येतो. १८७४ च्या सुमारास उपासमारीत आईवडील गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी, पोटाला काही उरले नाही तेव्हा, जलसमाधी घेण्याचा बेत केला होता. मुलाने मोलमजुरी करण्याची तयारी दाखविल्यावर तो राहिला, ही हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. १८८० साली भाऊ गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. रमाबाई तेव्हा चोविशीच्याही आत होत्या आणि मांडीवर मनोरमा होती. दुसऱ्या कोणी वैराग्य घेतले असते. रमाबाईंनी काम घेतले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि परत येऊन विधवांसाठी, पुढे दुष्काळातल्या अनाथ मुलींसाठी, केडगावला ‘मुक्ती’ उभी केली.

शेवटची अनेक वर्षे त्या एका कामात होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर. हिब्रू व ग्रीक त्यांनी त्यासाठी शिकून घेतली. खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आपल्यामागे आश्रम चालवील अशी जिच्यावर आशा, तीच आधी गेली. म्हणजे केलेली तयारीच मोडली. तरी मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले, ते काम पुरे केले आणि मग डोळे मिटले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ ही ती तारीख. भाषांतर छापून निघाले ते १९२४ साली.

या हकिकतीकडे चमत्कार म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला तिच्यातला चमत्कार मोठा वाटत नाही. मागणे मोठे वाटते. मरणाऱ्या बाईने स्वर्ग मागितला नाही, सुखाचा शेवट मागितला नाही; मुद्रिते तपासण्यापुरती मुदत मागितली. टीकाकाराने मात्र खरे तेच सांगावयास हवे. ते भाषांतर आज फारसे वाचले जात नाही. मूळ शब्दाला घट्ट धरून चालण्याच्या अट्टाहासामुळे त्याची वाक्ये पुष्कळदा अडखळतात. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती ठरलेल्या बाईने अशिक्षित बायकांना कळावे म्हणून आपले सारे पांडित्य उतरवून ठेवले. पण बोलीचा ओघ त्याने आपोआप येत नाही. म्हणजे ज्या कामासाठी दहा दिवस मागितले, ते काम पुढे आडोशाला पडले. तयारी वाया गेली काय? मला वाटते, नाही. आपले काम टिकेल अशी हमी घेऊन कोणी जात नसतो. ते अर्ध्यावर टाकून गेलो नाही, एवढेच आपल्या हाती असते.

आता टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. आम्हा वैदर्भीयांना त्यांच्याविषयी थोडी आपुलकी अधिक, कारण ख्रिस्ताकडे त्यांची पावले वळली ती नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत. तेथे एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजने गातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण रोमन चर्चने आपल्या लोकांना दहनाची मोकळीक दिली ती १९६३ साली, आणि टिळकांच्या प्रॉटेस्टंट मंडळींतही तेव्हा दफनाचीच रीत होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. ख्रिस्ती झालो म्हणून या मातीतल्या अग्नीला परका झालो नाही, असे त्यांना सांगावयाचे असावे. जिवंतपणी कवितेत जे सांगितले, तेच त्यांनी मरणात सांगितले.

टिळकांच्या कवितेत मरणाविषयी गोडवा पुष्कळ आहे. लेकराने आईच्या कुशीत शिरावे तसे ते देवाकडे जावयास निघतात. ही भक्ती खरी आहे, उसनी नाही. आपल्या अपुरेपणाची कबुली देणारे त्यांचे भजन ऐकताना तर कोणाचाही अहंकार उतरावा. ‘मरणाची कला’ सांगणाऱ्या त्या जुन्या पुस्तिकांतला चौथा मोह, पुण्याईचा गर्व, त्यांना शिवला नाही याचा तो पुरावा आहे. तरीही सलग वाचीत गेले म्हणजे एक प्रश्न मनात येतो. टिळक सर्व सोडून मोकळे झाले. पण सोडलेले उचलले कोणी? पगार सोडणारा पुरुष धन्य खरा. महिनाअखेरीस दळण कोठून आणावयाचे, हा प्रश्न मात्र त्याच्यामागे घरात शिल्लक राहतो.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने निघालेले हे पुस्तक मराठी गद्याचे लेणे आहे, हे आता नव्याने सांगावयास नको. विनोद, प्रांजळपणा, साधी भाषा हे त्याचे गुण सर्वांनी वाखाणले आहेत. मला त्याकडे आज निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. हे मराठीतले मरणाच्या तयारीवरचे सर्वांत चांगले पुस्तक आहे, असे मी म्हणतो. आणि त्यात तयारीविषयी उपदेशाचे अवाक्षर नाही.

पुस्तकाची सुरुवातच एका मरणाने होते. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले. त्या प्रसंगाचा धसका घेऊन लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्यात बुडाले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, कोणी कशाला शिवावयाचे नाही, असा घरभर छळ सुरू झाला. लक्ष्मीबाई हे सगळे हसत हसत सांगतात आणि आपणही हसतो. पण पुस्तक मिटल्यावर ध्यानात येते, की हे मरणाच्या भीतीचे चित्र आहे. ज्याला मरणाकडे सरळ पाहता येत नाही, तो मीठमिरची धूत बसतो. मरणाची तयारी नसलेल्या घराचे याहून बोलके वर्णन मला दुसरीकडे आढळलेले नाही. अख्खे घर पाण्याने स्वच्छ होते आणि माणसे मात्र एकमेकांपासून तुटत जातात.

पुढे टिळकांच्या धर्मांतराने नवराबायकोची ताटातूट झाली; काही वर्षे लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. तुटलेला धागा जोडण्याची गोष्ट मी वर सांगितली, ती येथे अक्षरशः घडते. त्या नवऱ्याकडे परत गेल्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. आधी माणूस जोडले, मग जातीची बंधने मनातून गळून गेली, आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नंतर नगरला प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या शुश्रूषेला त्या उभ्या राहिल्या. बापाच्या घरी ज्या मुलीने स्पर्शाची एवढी दहशत पाहिली, तीच बाई पुढे प्लेगच्या रोग्याला हात लावते. त्या कोठेही म्हणत नाहीत की मी मरणभय जिंकले. त्या भितात, देवाला हाक मारतात, आणि कामाला लागतात. त्या भिण्यामुळेच आपला त्यांच्यावर विश्वास बसतो.

आणि एक गोष्ट. चरित्र लिहिणारी दुसरी कोणी असती तर नवऱ्याच्या मृत्यूपाशी पुस्तक थांबविले असते. पडदा पडावयास तेथे जागा सोयीची होती. लक्ष्मीबाई तेथे थांबत नाहीत. त्या पुढे जातात, मुलाबरोबर कराचीला जातात, नव्या गावातल्या गमती सांगू लागतात. काही वाचकांना हा भाग सैल वाटतो, आणि कलेच्या हिशेबाने तो तसा आहेही. आधीच्या भागांतला ताण त्यात नाही. परंतु मरणानंतर घरात चूल पेटते, हे सत्य त्या सैलपणातच आहे. जाणाऱ्याची तयारी खरी ठरली की नाही, हे मागे राहिलेले पुन्हा हसू शकतात की नाही, यावरूनच कळते.

दोषही सांगितले पाहिजेत. लक्ष्मीबाईंचा विनोद कधी कधी दुःखावर पांघरूण घालतो. मुले गेल्याचे, एकटेपणाचे प्रसंग त्या चार ओळींत उरकतात आणि लगेच एखादी फजिती सांगतात. आपण हसतो आणि चार ओळी विसरतो. त्यांना आणखी बोलावयाचे नव्हते, की मराठी बाईने दुःख एवढेच बोलावे अशी रीत होती? मला वाटते, दोन्ही. म्हणून हे पुस्तक दोनदा वाचावे. एकदा हसण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा त्या चार ओळींसाठी.

हे सगळे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण आपल्या घरांत आहे. गावात कोणी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टर जे सांगतो ते ओसरीवर कुजबुजत ऐकले जाते, आत येऊन सगळे म्हणतात, “आबा, तुम्हाला काही झालं नाही, पोळ्यापर्यंत हिंडू लागाल.” आबालाही ठाऊक असते. तोही मान डोलावतो. धाकट्या भावाशी धुऱ्यावरून बारा वर्षे अबोला असतो. त्याला बोलवा, असे आबाच्या ओठांवर येते. पण बोलावले म्हणजे आपण मरणार हे कबूल केल्यासारखे होईल, म्हणून तो गप्प राहतो, आणि अभद्र नको म्हणून पोरेही गप्प राहतात. मग तेराव्याला भाऊ येतो, फोटोसमोर रडतो. सातबारा कोणाच्या नावे, कोणाचे उसने किती, सुनेच्या माहेरचे डाग कोठे ठेवले, हे सगळे त्या मौनात बुडून जाते आणि पुढची वीस वर्षे कचेरीत निघत राहते. आपण वैराग्याच्या गप्पा मारतो. पण धुऱ्यावरचा एक अबोला आपल्याला मोडवत नाही.

येथेच या लेखकांचा आपल्याला उपयोग आहे, मग आपला धर्म कोणताही असो. पाश तोडणे संतांना जमते. तुमच्याआमच्यासारख्यांना ते जमेलच असे नाही. पण भावाकडे निरोप पाठविणे, वाण्याचे खाते मिटविणे, किल्ल्या कोठे आहेत ते सांगणे, एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. याला अध्यात्म म्हणावे की व्यवहार, असा वाद कोणी घालील. ख्रिस्ती दृष्टीने ते दोन नाहीतच. वधस्तंभावरून आईला सोपविणे हे अध्यात्म होते की व्यवहार?

शेवटी ‘ख्रिस्तायन’ या काव्याविषयी दोन शब्द. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र मराठी महाकाव्यात सांगावयास घेतले. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि बोलावणे आले. काम मोठे होते, आणि मागे राहिलेल्या बाईची अक्षरओळखसुद्धा लग्नानंतरची. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि काव्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या वारल्या. ग्रंथ छापून निघाला तो त्यानंतर, १९३८ साली. काव्य म्हणून पाहिले तर टिळकांचे अध्याय अधिक बांधेसूद आहेत आणि लक्ष्मीबाईंची रचना कित्येकदा साध्या बोलण्यावर येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी मला तो ग्रंथ प्रिय आहे. एकाने जेथे लेखणी ठेवली, तेथून दुसरीने ती उचलली. दोघांपैकी कोणीही छापलेले पुस्तक हाती धरले नाही. सुटीच्या दिवसांत ‘स्मृतिचित्रे’ घरात मोठ्याने वाचा, आजीआजोबांना जवळ बसवून वाचा. आणि त्यांनी मध्येच थांबवून काही सांगावयास सुरुवात केली, तर पुस्तक मिटून ठेवून ते ऐका.